रस्ता नकाशावर आहे, उताऱ्यावर नाही

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या अर्जाला महापालिकेचे उत्तर आले. अंतर्गत रस्ता ताब्यात घ्यावा आणि त्याचे डांबरीकरण करावे, अशी आमची विनंती होती. 'सदर रस्ता खासगी मालकीचा असल्याने त्यावर खर्च करता येत नाही', असे एका ओळीत कळवण्यात आले. या रस्त्यावरून रोज घंटागाडी येते, पलीकडच्या वस्तीतली मुले शाळेत जातात, आणि त्याच्या कडेला राहणारे आम्ही सर्वजण मिळकतकराच्या बिलातला पथकराचा रकाना वर्षानुवर्षे भरत आलो आहोत. व्हॉट्सअॅप गटावर संताप उसळला तो त्यामुळेच. मला मात्र त्या संतापात पूर्णपणे सामील होता आले नाही.

याचे कारण सातबाऱ्यात आहे. वीस वर्षांपूर्वी ले-आऊट मंजूर झाला तेव्हा नकाशावर नऊ मीटरचा रस्ता आखला गेला, प्लॉट विकले गेले, विकसकाने खडी पसरून वर एक हात डांबर फिरवले आणि तो निघून गेला. रस्त्याखालची जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहिली. पुढे आमच्या बंगल्यांना एकेक करून भोगवटापत्रे मिळाली, पण रस्त्याचे हस्तांतरण झाले का, हे ना आम्ही विचारले ना कुठल्या अधिकाऱ्याने. महापालिकेची खरी चूक इथे आहे. विकसक समोर होता आणि त्याची कागदपत्रे अडवता येत होती, त्या वेळी गप्प बसायचे आणि आता तिशी-चाळिशीतल्या प्लॉटधारकांना मालकीचा दाखला मागायचा, हे न्याय्य नाही.

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या अधिनियमातील कलम 305 आणि 306 सलग वाचली तर क्रम स्पष्ट दिसतो : खासगी रस्त्याचे सपाटीकरण, खडी, मलवाहिनी, गटार, दिवे ही कामे दोन्ही बाजूंच्या मिळकतदारांनी करावीत, अशी नोटीस आयुक्त देऊ शकतात, आणि ती समाधानकारक झाली की तो रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करता येतो. आधी रस्ता नीट करा, मग आम्ही सांभाळतो, असा हा सौदा आहे. तो मोठ्या मिळकतींच्या काळात शोभत होता. गुंठा-दीड गुंठ्यावर कर्ज काढून घर बांधलेल्या माणसाकडून मलवाहिनीचा खर्च मागणे ही निव्वळ नकाराची सभ्य भाषा ठरते.

पुण्याच्या हद्दीत 2017 साली 11 गावे आली आणि 2021 साली आणखी 23. अशी हद्दवाढ एका अधिसूचनेने होते, पण गल्लीची मालकी त्या अधिसूचनेने बदलत नाही. गुंठेवारीचेही, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचेही, तेच. 2001 च्या कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे नियमित करण्याचा मार्ग शासनाने मोकळा केला; घर नियमित होते, घरापुढची गल्ली मात्र सावत्रच राहते.

यावर आजवर निघालेला उपाय म्हणजे निवडणूक. काही वर्षांपूर्वी मतदानाच्या तोंडावर आमच्याकडे एका रात्रीत डांबराचा पातळ थर पडला. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे त्याखाली गडप झाली. पावसाळ्यात लाईन तुंबली तेव्हा प्लंबर पहार घेऊन अंदाजाने रस्ता ठोकत फिरत होता, आणि पोकळ आवाज येईल तिथे फोडत होता. चौथ्या ठिकाणी झाकण सापडले. दिवाळीपर्यंत खडी वर आली. रस्ता दप्तरी नोंदलेलाच नसल्याने दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करून देण्याची मुदत, कोणाला विचारायचा, हा प्रश्नच उद्भवला नाही. फुकट मिळालेल्या रस्त्याची तक्रार करता येत नाही, हे आम्ही त्या वर्षी शिकलो.

म्हणून माझे मत असे आहे की, महापालिकेने असे रस्ते स्वीकारले पाहिजेत, परंतु उपकार म्हणून नव्हे, तर प्रसिद्ध केलेल्या अटींवर. रुंदी किती हवी, हस्तांतरण विनामोबदला कसे करायचे, आणि कोणत्या गल्लीचा क्रमांक कितवा, हे क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले असावे. आधी मलवाहिनी आणि पावसाळी गटार, मगच वरचा थर. खर्चाचा वाटा आमच्यासारख्या बंगल्यांच्या कॉलनीकडून अवश्य घ्यावा, गुंठेवारीच्या गल्लीकडून घेऊ नये. हे मत आमच्या गटावर फारसे कोणाला आवडलेले नाही.

त्याहून नावडती अट फाटकाची. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे आणि त्यावर 'खासगी रस्ता, बाहेरच्या वाहनांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे. ज्या अर्जात आम्ही हा रस्ता सर्वांच्या वापराचा असल्याचे नमूद केले, त्यावर सही करणाऱ्यांपैकीच काहींनी ती पाटी गेल्या वर्षी नव्याने रंगवून घेतली. सार्वजनिक पैशातून झालेल्या रस्त्यावर कोणालाही गाडी उभी करता येईल, हे मान्य नसेल तर आपण आपल्या वर्गणीतून डांबर टाकावे, त्यात कमीपणा काही नाही. मी फाटक काढण्यास लेखी संमती दिली आहे.

राहिला हस्तांतरणाचा दस्त. मूळ मालकाच्या वारसांची संख्या आता चौदा झाली आहे आणि तेरा जणांनी होकार दिला आहे. चौदाव्या बाईंना भेटायला आम्ही तिघे येत्या रविवारी जाणार आहोत. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले की, मागे एकदा त्या वडिलांची जमीन नातवाला दाखवायला रिक्षाने आल्या होत्या, तेव्हा आमच्या वॉचमनने त्यांना फाटकावरूनच परत पाठवले होते.