वाजवून बघू नका, वाईट दिसतं

जुनी बेस गिटार, म्हणजे खालचे सूर काढणारी चार जाड तारांची गिटार, घ्यायचं ठरवलंत ना? मग पहिलं काम बजेटचं. आठ हजार. एक रुपया वर जाणार नाही, असं घरात सगळ्यांसमोर, शक्यतो वडिलांच्या देखत ठणकावून सांगा. या आठ हजारांत केबल, पट्टा, बॅग, नव्या तारा आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प धरायचा नसतो. ते खर्च मागाहून एकेक करून येतात आणि फुटकळ खर्चाचा जाब घरात कोणी विचारत नाही. नवाकोरा, साधा, वॉरंटीवाला बेस पंधरा-वीस हजारांच्या घरात मिळतो, ही माहिती असू द्या, पण कागदावर मांडू नका. मांडली की आकडेमोड होते आणि आकडेमोड झाली की हौस मरते.

आता शोध. सोलापुरातल्या दुकानात बेस मागितलात की दुकानदार आधी सहा तारांची गिटार काढतो, मग युकुलेले काढतो, मग म्हणतो, "मागवून देतो की मालक, आठ दिवसांत." जुना बेस मिळण्याच्या खऱ्या जागा दोनच. एक म्हणजे ऑर्केस्ट्रात वाजवणारी मंडळी, दुसरी चर्चमध्ये वाजवणारी. या लोकांच्या हातात वाद्य रोज असतं. काय बिघडलंय ते तोंडावर सांगतात, वर स्वतः वाजवून दाखवतात. म्हणूनच त्यांच्या वाटेला जाऊ नका. शिवाय त्यांचे बेस दिसायला खराब. पाठीवर बेल्टच्या बकलाचे ओरखडे, अंगठा टेकवून टेकवून पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्टीच्या) वरचा रंग उडालेला. असल्या बेसबरोबर फोटो काढला तर स्टेटसला ठेवता येत नाही.

त्यापेक्षा मोबाइलवरच्या जाहिराती बघा. तिथला बेस कायम पलंगावर सोलापुरी चादरीवर निजवलेला असतो. विकणारा पुण्याचा असो नाहीतर हैदराबादचा, चादर आपलीच. फोटो नेमका वरून काढलेला, म्हणजे नेक (तारांखालचा लांब दांडा) सरळ आहे की वाकडी, हा प्रश्नच मिटला. खाली मजकूर असतो, "फक्त घरी वाजवली." याचा अर्थ दोन वर्षं माळ्यावर होती. "अर्जंट विकणे आहे" याचा अर्थ घरातून अल्टिमेटम मिळालाय. आणि "थोडं सेटिंग करावं लागेल" असं दिसलं की क्षणाचाही विलंब न लावता फोन करा. या थोड्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांच्या कामापासून अख्खी नेक बदलण्यापर्यंत सगळं बसतं.

गिटारच्या डोक्यावर फेंडर या नामांकित अमेरिकी कंपनीचं नाव लिहिलंय आणि किंमत सात हजार सांगताहेत? शंका घेऊ नका. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर माणसाच्या उंचीचा डबल बेस उभा धरून कानाच्या भरवशावर सूर शोधावा लागायचा. याला फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, आल्या, बोट पडलं की सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. त्यातलाच एखादा कॅलिफोर्नियातून निघून विजापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये सात हजारांना येऊन पडला असेल. सीरियल नंबर कंपनीच्या यादीशी जुळतो का, लोगोची कड नखानं उचलली जाते का, असलं बघणं म्हणजे समोरच्या माणसावर अविश्वास. त्यानं चहा सांगितलाय. चहा पिऊन वर अविश्वास दाखवणं आपल्याकडे बसत नाही.

भेटीच्या वेळी एवढंच लक्षात ठेवा, की तुम्ही चादर घ्यायला आलेला नाही. चादर घेताना आपण पूर्ण घडी उलगडतो, कोपरा दोन्ही हातांनी ओढतो, उजेडाकडे धरून वीण बघतो, रंग जाईल का विचारतो, भाव ऐकून उठून दारापर्यंत जातो आणि हाक येण्याची वाट बघतो. दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटत नाही. काही शेकड्यांच्या कापडासाठी हे ठीक आहे. आठ हजारांचं वाद्य मात्र कलेची वस्तू. ती दोन हातांत घ्यायची, वजन बघितल्यासारखं करायचं, "छान आहे" म्हणायचं आणि परत चादरीवर ठेवायची.

चुकूनही पुढचं करू नका. बॉडी पोटाशी धरून गिटारचं डोकं खाली करायचं आणि एक डोळा मिटून नेकच्या कडेनं बघायचं, म्हणजे ती पिळलीय का ते कळतं. कळलं की विकत घेता येत नाही. तसंच सगळ्यात जाड तार एका हातानं पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हातानं शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची, आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघायचं. एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असली तर नेक ठीक. करंगळी जाऊ लागली तर नेक पुढे वाकलीय. फट मुळीच नसेल तर ती मागे गेलीय. या वाकण्यावर इलाज म्हणून नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, तिचं तोंड षटकोनी चावीनं, म्हणजे अ‍ॅलन कीनं फिरवतात. एका वेळी पाव फेरा, मग सूर लावायचा, थांबायचं, पुन्हा बघायचं. आधीच्या मालकानं जोर लावून त्या तोंडाच्या कडा झिजवल्या असतील तर ती चावी नुसती गरगर फिरते. अ‍ॅलन की खिशात नेऊन, मालकाला विचारून, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात चहा गार होतो, म्हणून नेऊ नका.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असेल तर बोटं सुखात राहतात. सहा मिलिमीटर असेल तर विक्रेता सांगेल, "सुरुवातीला जड जातं, नंतर बोटं तयार होतात." त्याच्यावर विश्वास ठेवा. बोटं खरंच तयार होतात, दुसऱ्या कामाला.

आणि वाजवून तर बघूच नका. चार तारा, प्रत्येकीवर वीस-एकवीस फ्रेट. खालपासून वरपर्यंत एकेक सूर दाबून बघायला फार तर पाच मिनिटं लागतात आणि त्यात सगळं उघडं पडतं. कुठली फ्रेट झिजून तार झणझणते, कुठला सूर मधेच बसतो. सगळ्यात बारीक, 'जी' सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लगेच मरतोय का, हे तर मुद्दाम बघण्यासारखं असतं. मोबाइलमधला ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर (हार्मोनिक) आणि तिथंच दाबून काढलेला सूर जुळतात का, हेही बघता येतं. पण तुम्हाला अजून येत नाही, समोर विक्रेत्याची आई शेंगा निवडत बसलीय, शेजारचं पोरगं दारातून डोकावतंय. अशा वेळी टुंग टुंग करत बसणं बरं दिसत नाही. लाजेपोटी आठ हजार गेले तरी चालतील. लाज आयुष्यभर पुरते, बेस फार तर दिवाळीपर्यंत.

सोबत जाणकार न्यायचाच असेल तर सहा तारांची गिटार वाजवणारा मित्र न्या. तो बेस मांडीवर घेईल, बारीक तारेवर भराभर काहीतरी वाजवील, जाड तारेला हातही लावणार नाही, आणि मालकासमोर मोठ्यानं म्हणेल, "लई भारी हाय बे, सोडू नको." घासाघीस तिथंच संपली.

तरी घासाघीस करायचीच असेल तर नेक, फ्रेट, झिजलेलं काहीही काढू नका. "चारच तारा आहेत, दोन कमी आहेत, त्याचे पैसे वजा करा," एवढंच म्हणा. विक्रेता दचकेल आणि पाचशे कमी करील. माझ्या माहितीत एवढा एकच मुद्दा दर वेळी चालतो. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा खात्री नसते.

आवाजाचं काय? विक्रेत्याकडे अ‍ॅम्प नसतो, "कालच मित्राने नेला." त्याऐवजी तो व्हिडिओ पाठवतो. बेसची सगळ्यात जाड ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तिथपर्यंत उतरता येत नाही. व्हिडिओत ऐकू येतात ते वरवरचे सूर, नखांची टकटक आणि छताचा पंखा. पंख्याचा आवाज चांगला आला तर बयाणा द्या. भेटीत वायर जोडायची वेळ आलीच आणि काही वाजलं नाही, तर "बॅटरी गेली असेल" हे उत्तर तयार असतं. ॲक्टिव्ह बेसमध्ये आतल्या सर्किटसाठी नऊ व्होल्टची बॅटरी असते हे खरंच आहे, आणि ती किराणा दुकानातल्या किमतीत मिळते हेही खरं. पण नवी बॅटरी खिशात घेऊन जाणारा माणूस बघून विक्रेत्याचा चेहरा पडतो, आणि आपल्याला कोणाचं मन मोडायचं नाहीये. मुळात त्या बेसमध्ये बॅटरीची जागाच नसली तर? मग विचारूच नका.

घरी आणल्यावर वायर जॅकमध्ये रात्रंदिवस अडकवून ठेवा. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये वायर आत गेली की सर्किट सुरू होतं आणि उपसली की बंद. म्हणजे दर पंधरवड्याला नवी बॅटरी आणि दर पंधरवड्याला "वाद्यच खराब निघालं" म्हणायची सोय.

ठेवायची जागा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, लाकूड सुकून आकसतं आणि फ्रेटची धातूची टोकं कडेनं बाहेर डोकावतात. हात वर-खाली करताना तळव्याला आपोआप आठवण राहते. संध्याकाळी तीच गिटार खाली आणून कूलरच्या तोंडाशी ठेवा. दिवसभर सुकलेल्या लाकडाला रात्रभर दमट वारा. महिनाभरात नेक कुठल्या दिशेला वळायचं हे ठरवू शकत नाही. मग ट्रस रॉड स्वतःच आवळायला घ्या. पाव फेऱ्यानं फरक दिसेना तर दोन पूर्ण फेरे द्या. कट्ट असा आवाज आला की काम झालं.

तारांवर पैसे घालवू नका. चार तारांच्या बऱ्या सेटला दीड-दोन हजार पडतात. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन तुटल्याखेरीज तारा बदलत नसे असं सांगतात. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या, आणि त्याला हवा होता तो दबका, गोल आवाज. तुमच्या तारा राउंडवाउंड, म्हणजे गोल गुंडाळीच्या, आहेत, गंजलेल्या आहेत आणि तुम्ही जेमरसन नाही, हे तीन बारकावे सोडले तर उदाहरण चपखल आहे. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की मळ सुटून चार दिवस चकाकी येते, ही बेसवाल्यांची जुनी युक्ती. उकळा, पण नळाला पाणी येईल त्या दिवशीच. चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी तारांना वापरलं हे, आणि पातेलं आमटीचं होतं हे, दोन्ही एकाच दिवशी घरच्यांना कळू देऊ नका.

अ‍ॅम्प म्हणून घरातला होम थिएटर चालतो. निदान पहिल्या रविवारी चालतो. मग त्याचा मोठा स्पीकर फडफडू लागला की मित्राचा गिटारचा छोटा अ‍ॅम्प आणा, आवाज फुल करा आणि त्याचाही कागद फाडा.

एवढं झालं की तुम्ही ऑर्केस्ट्रात जायला तयार झालात. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम ठरतो, तुम्ही बॅग पाठीला लावून दुपारी तीनलाच हजर होता, आणि तिथं कळतं की बेसचं काम गेली कित्येक वर्षं कीबोर्डवाल्याचा डावा हात करतोय. त्याला थांबवायला जाऊ नका. डाव्या हाताचे वेगळे पैसे तो घेत नाही, तुम्ही मात्र मानधन मागणार. आयोजकाचं मत कुठल्या बाजूला पडेल हे विचारायला नको.