शॉक, स्प्रिंग आणि काळी माती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या फियाट पुंटो अबार्थ गाडीच्या शॉकवरील (म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरील) लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्या लेखात मी मूळ स्प्रिंगवर नुसते नवे शॉक बसवून त्यांची जुन्या शॉकशी तुलना केली होती आणि ते कॉइलओव्हरपेक्षा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या संचापेक्षा, सरस असल्याचे लिहिले होते. आपले म्हणणे असे, की 80 हजार किलोमीटर चाललेले शॉक काढून कोणतेही नवे बसवले तरी गाडी सुधारणारच, म्हणून माझी तुलनाच खोटी आहे. आपल्या मते 60 हजार रुपयांत उंची आणि कडकपणा दोन्ही बदलता येणारे कॉइलओव्हर मिळत असताना मूळ स्प्रिंगवर नुसते शॉक बदलणे हा कंजूषपणा आहे. आणि समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने धावणारी गाडी खाली बसवण्यावाचून, म्हणजे तिची उंची कमी करण्यावाचून, गत्यंतर नाही.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. तुलना नव्या मूळ शॉकशी व्हायला हवी होती. पण फियाटने भारतातून काढता पाय घेतल्यानंतर ते कोरे शॉक मला कुठेच मिळाले नाहीत, हीच तर या सगळ्या खटाटोपाची सुरुवात होती. तरीही ‘कॉइलओव्हरपेक्षा सरस’ हे शब्द त्या तुलनेच्या जोरावर लिहिण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून ते लेखातून काढले आहेत. मत मात्र बदललेले नाही, कारण ते त्या तुलनेवर नव्हे, तर आमच्याकडच्या रस्त्यांवर उभे आहे.

आपण पुण्याहून लिहिता, मी आर्वीजवळच्या खेड्यातून. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता काही वर्षांतच लाटांसारखा वरखाली होतो. खड्डा चुकवता येतो, लाट चुकवता येत नाही. लाटेवरून उतरताना चारही स्प्रिंग खोल दबतात आणि लगेच उसळतात. दबायला पुरेशी जागा असणे आणि ती उसळी शॉकने वेळेवर आवरणे, या दोन गोष्टींवरच तिथे गाडी सांभाळली जाते. अबार्थची जमिनीपासूनची उंची 155 मिलिमीटर, म्हणजे साध्या पुंटोपेक्षा कंपनीने ती आधीच खाली घेतलेली आहे. तीच आणखी 40 मिलिमीटर खाली आणली तर गतिरोधकाला पोट घासेलच, पण त्याहून वाईट म्हणजे चाकाला वर जाण्यासाठी ठेवलेल्या जागेतला मोठा वाटा गाडी उभी असतानाच खर्ची पडतो.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. माझ्या एका मित्राने आपण सुचवता तशाच स्वस्त प्रकारचे कॉइलओव्हर बसवले आहेत. त्याच्या पुढच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर आम्ही वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळली आणि ती सरकवून तळाशी आणली. शॉक दबला की पट्टी दांड्यावर वर ढकलली जाते आणि सर्वांत खोल दबल्याची खूण तिथेच राहते. पुलगावपर्यंत जाऊन परत आलो तेव्हा पट्टी थेट बंप स्टॉपच्या, म्हणजे शॉक पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या, रबरात रुतलेली होती. म्हणजे ज्या कडक स्प्रिंगचे पैसे त्याने मोजले, ती ऐन गरजेच्या क्षणी बाजूला पडून गाडी रबराच्या गोळ्यावर आदळत होती. दिवाळीनंतर उंची वाढवायला गेलो, तर उंची बदलण्यासाठी फिरवायच्या कॉलरच्या आट्यांत पावसाळाभराचा चिखल सिमेंटसारखा बसलेला. डिझेल लावून, तारेच्या ब्रशने घासून एक बाजू सुटली. दुसरी अजून तशीच आहे.

गाडी खाली आली की वळणावर कमी कलते, हेही आपण गृहीत धरले आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे शॉकच चाकाला उभा आधार देतो अशा रचनेच्या, गाडीत ते सरसकट खरे नाही. गाडी जास्त खाली घेतली की लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) चाकाकडचे टोक वर जाते आणि रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली सरकते. दोहोंतले अंतर वाढल्याने बॉडीला कलण्यासाठी उलट जास्त तरफ मिळते. मग तो कल लपवण्यासाठी स्प्रिंग अधिक कडक घ्यावी लागते आणि तिला आवरण्यासाठी शॉकही अधिक ताकदीचा लागतो. स्वस्त संचात काटकसर झालेली असते ती नेमकी शॉकच्या आतल्या व्हॉल्व्हमध्ये, कारण बाहेरून तो भाग दिसत नाही. शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या बटणाला किती क्लिक आहेत यावर जाऊ नये. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकमध्ये फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत लांब होतानाचा आवर, बदलता येतो, आणि तेवढेच नीट केलेले असल्यामुळे ते पुरते.

समृद्धीबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे माझी गाडी डोलत होती ती उंचीमुळे नव्हे, शॉक मेल्यामुळे. नवे शॉक बसवताच त्याच मूळ स्प्रिंगवर ती 120 ला स्थिर झाली.

तरीही थोडी खाली हवीच असेल, तर 20 मिलिमीटरच्या आसपास थांबावे आणि शॉक त्या स्प्रिंगला साजेसा घ्यावा. शॉक बनवणाऱ्या बिल्श्टाइन कंपनीने हा भेद नावातच केला आहे : बी6 मूळ लांबीच्या स्प्रिंगसाठी, बी8 आखूड स्प्रिंगसाठी. आखूड स्प्रिंगवर बी6 बसवण्याची चूक गॅरेजमध्ये सर्रास होते. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, तेव्हा काही बसवण्याआधी आरटीओत विचारून घेतलेले बरे.

कंजूषपणाचा आरोप राहिला. आपण 60 हजार म्हणता तेव्हा त्यात टॉप माउंट (शॉकचा वरचा आधार), बेअरिंग, नवे बुश (जोडांमधले रबरी भाग) आणि अलाइनमेंट धरलेले नाही. मीही माझ्या लेखात ते धरले नव्हते, आणि ही चूक आपल्या प्रतिक्रियेमुळेच ध्यानात आली. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नव्हे, तर चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर बुशचे रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. आमच्या मिस्त्रीने पहिल्या वेळी ते जॅकवरच आवळले होते, त्यामुळे दोन बुशचा खर्च मला दुसऱ्यांदा करावा लागला. तो आकडा आता लेखातील हिशेबात घातला आहे.