'स्मार्ट टीव्ही वायफायला जोडू नका' म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कुटुंबाच्या, सोसायटीच्या, निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: स्मार्ट टीव्ही घरच्या वायफायला अजिबात जोडू नका. टीव्ही बंद असला तरी हॅकर त्यातून घरातलं बघतात, ऐकतात. त्याच्या लहरी मुलांना घातक, त्यातही राउटरवरचं '५जी' लिहिलेलं नेटवर्क सगळ्यात वाईट. टीव्ही सगळं नेट खातो, त्याला २०० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप) प्लॅन लागतो. एवढं करूनही वायफायवर तो अडकत अडकतच चालतो. शेवटी उपाय दिलाय: मोबाइलचं हॉटस्पॉट वापरा, नाहीतर बाजारात 'सगळे चॅनल फुकट' देणारा अँड्रॉइड बॉक्स मिळतो तो लावा, तो सुरक्षित.

नुसता चुकीचा असता तर या मेसेजकडे दुर्लक्ष केलं असतं. पण तो वाचून लोक चांगला चाललेला टीव्ही वायफायवरून काढताहेत आणि तो बॉक्स विकत आणताहेत. यातली खरी जोखीम त्या शेवटच्या ओळीतच आहे. म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

"टीव्ही बंद असला तरी हॅकर बघतात, ऐकतात."

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. मार्च २०१७ मध्ये गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेची कागदपत्रं बाहेर काढली. त्यात 'वीपिंग एंजल' नावाच्या सॉफ्टवेअरचं वर्णन होतं. सॅमसंगच्या २०१३ च्या एफ८००० मालिकेतल्या टीव्हीत ते घातलं, की पडदा बंद दिसायचा आणि माइक मात्र ऐकत राहायचा. 'बंद असला तरी' हे बहुधा तिथूनच आलंय. पण त्याच कागदपत्रांत पुढे असंही आहे, की ते टीव्हीत घालायला कुणीतरी टीव्हीपाशी जाऊन यूएसबी लावायची. नंतरच्या एका फर्मवेअरने (टीव्हीच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) हा यूएसबीचा रस्ता बंद झाल्याची नोंदही त्यातच सापडते. म्हणजे ते भोक बुजवलं अपडेटने, आणि बहुतेक घरांत टीव्हीला अपडेट मिळतं ते वायफायवरूनच.

आज दुकानात दिसणाऱ्या बहुतांश टीव्हींना कॅमेराच नसतो. शंका असेल तर टीव्हीच्या कडेने, वरच्या आणि खालच्या पट्टीवर टॉर्च मारून बघा. भिंग असेल तर दिसेल. असेल तर त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाका. अमेरिकेच्या एफबीआयनेही २०१९ मध्ये लोकांना हेच सांगितलं होतं. माइक बऱ्याचदा टीव्हीत नसून रिमोटमध्ये असतो आणि त्याचं बटण दाबल्यावरच ऐकतो. काही मॉडेलमध्ये मात्र तो टीव्हीतच असतो आणि त्याला बहुधा छोटी सरकती कळ असते. ती बंद ठेवा, विषय संपला.

ज्याची खरंच काळजी करायला हवी ते मेसेजमध्ये आलंच नाही. तुम्ही काय बघता याची नोंद अनोळखी हॅकरपेक्षा टीव्ही बनवणारी कंपनीच ठेवत असण्याची शक्यता कितीतरी जास्त. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने घेतो, कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथे ते कुठल्या कार्यक्रमाशी जुळतात ते बघितलं जातं. या तंत्राला 'एसीआर' (ऑटोमॅटिक कन्टेन्ट रेकग्निशन) म्हणतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने ग्राहकांना न विचारता सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून तिने तडजोड केली. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही ब्रिटन आणि अमेरिकेत तपासले. एचडीएमआयला लॅपटॉप जोडून टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरला तरी एसीआर चालू असल्याचं त्यांना दिसलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून घेतल्यावर ही माहिती पाठवणं थांबलं.

तेव्हा वायफाय तोडण्याऐवजी सेटिंग उघडा. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' अशा नावाने हा पर्याय असतो. मॉडेलप्रमाणे त्याची जागा बदलते, पण प्रायव्हसी किंवा अटी-शर्तींच्या पानाजवळ सापडतो. नवीन टीव्ही लावताना एकामागून एक अटी समोर येतात आणि दुकानाचा माणूस भराभर 'सिलेक्ट ऑल' दाबून मोकळा होतो. तिथे त्याला थांबवा. टीव्ही चालायला ज्या मूळ अटी लागतात तेवढ्याच मान्य करा. बघण्याच्या सवयी आणि जाहिरातींबद्दलच्या खुणा काढून टाका. टीव्ही तेवढाच छान चालतो.

"वायफायच्या लहरी घातक, '५जी' तर सगळ्यात वाईट."

राउटरवर दिसणारं '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं पहिलं मानक १९९९ सालचं. आपल्याकडे मोबाइलची ५जी सेवा आली ऑक्टोबर २०२२ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २बी गटात टाकलं, हे या मेसेजवाल्यांचं आवडतं वाक्य. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा अपुरा आहे, शक्यता नाकारलेली नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ. या लहरींमध्ये रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. शिवाय टीव्ही सोफ्यापासून आठ-दहा फुटांवर असतो आणि त्याचं काम मुख्यतः लहरी घेण्याचं. मेसेज ज्या हॉटस्पॉटची शिफारस करतो ते त्याच लहरींवर चालतं, आणि तो फोन आपल्या हातात किंवा खिशात असतो.

"टीव्ही सगळं नेट खातो, २०० एमबीपीएसचा प्लॅन लागतो."

नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे बघा: साध्या एचडीला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५, फोर-केला १५. ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर एक टीव्ही फोर-के चालवत असताना घरातले तीन-चार फोनही आरामात चालतात. आणि एकूण डेटा? नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने एचडीला तासाला जास्तीत जास्त ३ जीबी. रोज तीन तास बघितलं तर महिन्याला २७० जीबी. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर प्लॅनची मर्यादा महिन्याला ३३०० जीबी असते. प्लॅन वाढवायला सांगणाऱ्या माणसाला आधी टीव्हीवरच स्पीड टेस्ट करून दाखवायला सांगा. फोनवरची चालायची नाही, कारण फोन राउटरजवळ धरलेला असतो आणि टीव्ही भिंतीपलीकडे.

"वायफायवर टीव्ही अडकतच चालतो."

अडकतो, हे खरं. बऱ्याच घरांत अडकतो. पण त्याचं कारण वायफाय वाईट हे नाही, राउटर भलत्या ठिकाणी आहे हे आहे. फायबरवाला येतो, वायर जिथून घरात शिरते तिथेच, दाराच्या वर किंवा मीटरच्या पेटीशेजारी राउटर ठोकतो आणि निघून जातो. टीव्ही असतो दुसऱ्या टोकाला. मध्ये आरसीसीची भिंत, बेडरूममध्ये लोखंडी कपाट, कधी फ्रिज. धातू लहरी अडवतो, काँक्रीट त्या शोषून घेतं. काही घरांत तर राउटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून शोकेसच्या आत, किंवा टीव्हीच्याच मागे पत्र्याच्या ब्रॅकेटला चिकटवून ठेवलेला असतो. तो बाहेर काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवला की बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

दुसरी गोष्ट लहरींच्या पट्ट्याची. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडून लांब जातात, पण फ्लॅटच्या इमारतीत वरचे, खालचे, शेजारचे सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही तिथेच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतो. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाका. मध्ये भिंती असतील तर २.४ ठेवा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचा चॅनल (त्या पट्ट्याचा एक छोटा भाग) १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. स्वस्तातल्या अनेक टीव्हींना ५ गिगाहर्ट्झ पकडताच येत नाही. टीव्हीच्या यादीत ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कचं नाव दिसलं नाही तर टीव्ही बिघडलाय असं समजू नका.

शक्य असेल तिथे सरळ लॅनची वायर टाका. जिथे टीव्ही कायमचा भिंतीवर आहे तिथे यापेक्षा भरवशाचं काही नाही. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे मोठ्या प्लॅनवर स्पीड टेस्टचा आकडा वायफायपेक्षा कमी दिसेल. त्याने बिचकू नका. फोर-केला १५ लागतात आणि वायरवर ते न तुटता मिळतात.

काही अडचणी तर वायफायच्या नसतातच. लाइट जाऊन आली, की काही टीव्हींची तारीख मागे जाते. मग वायफाय 'कनेक्टेड' दाखवतं आणि एकही अ‍ॅप उघडत नाही, कारण तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं टीव्हीला अवैध वाटतात. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा, नाही जमलं तर हाताने घाला. पासवर्डचंही तसंच. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपताना शून्य आणि इंग्रजी ओ, लहान एल आणि मोठा आय यांत हमखास गफलत होते, आणि ठिपक्यांआड ती दिसत नाही. पासवर्डच्या चौकटीजवळचं डोळ्याचं चिन्ह किंवा 'शो पासवर्ड' दाबा, राउटरमागच्या स्टिकरशी अक्षर-अक्षर ताडून बघा. एवढ्यासाठी लोक तंत्रज्ञाला बोलावून पैसे मोजतात, हे बघून वाईट वाटतं.

"हॉटस्पॉट वापरा, नाहीतर फुकट चॅनलवाला बॉक्स लावा."

हॉटस्पॉटबद्दल थोडक्यात: रोज २ जीबीच्या रिचार्जवर, वरच्याच हिशोबाने, एचडी सिनेमा चाळीस मिनिटांत डेटा संपवू शकतो. पुढे वेग इतका पडतो की सिनेमा तिथेच थांबतो. फोन तापतो तो वेगळाच. गावी, जिथे फायबर नाही, तिथे हॉटस्पॉट ही सोय आहे आणि जरूर वापरावी. पण ती जास्त सुरक्षित आहे असं मुळीच नाही. एसीआरची माहिती हॉटस्पॉटवरूनही तशीच जाते.

बॉक्सबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो: घेऊ नका. नाव-गाव नसलेल्या, गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या या अँड्रॉइड बॉक्सपैकी अनेकांमध्ये कारखान्यातून निघतानाच घातक सॉफ्टवेअर भरलेलं सापडलंय. जून २०२५ मध्ये एफबीआयने अशा बाधित उपकरणांच्या 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला; जुलैमध्ये गूगलने ते चालवणाऱ्यांवर दावा लावला, तेव्हा अशा बाधित उपकरणांची संख्या १ कोटीच्या वर सांगितली. असा बॉक्स घरच्या नेटवर बसला, की परक्या माणसांची इंटरनेटवरची ये-जा तुमच्या कनेक्शनमधून होऊ शकते. त्यांनी केलेली फसवणूक बाहेरून तुमच्या घरच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा क्रमांक) झालेली दिसते. ओळखायची खूण: बॉक्स लावताना 'प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप तपासणारी गूगलची सोय) बंद करा' असं सांगितलं जातं, किंवा प्ले स्टोअरऐवजी भलतंच कुठलंतरी दुकान आत असतं. घरात असा बॉक्स असेल तर आजच काढा. सगळे चॅनल फुकट दाखवण्याचा खर्च कुणीतरी कुठूनतरी वसूल करतंच.

राहिला प्रश्न टीव्ही जोडताना खरी काळजी कशाची घ्यायची याचा. ती टीव्हीपेक्षा राउटरची आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून. म्हणून राउटरच्या सेटिंगचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो आणि तो बऱ्याच घरांत पहिल्या दिवसापासून तसाच पडून असतो. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असेल तर टीव्ही त्यावर टाका, म्हणजे बँकेचे व्यवहार करणारे फोन आणि लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर राहतात. यात एक अडचण येईल: फोनवरचे फोटो टीव्हीवर कास्ट करायला, म्हणजे वायफायवरून पडद्यावर दाखवायला, दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात. घरात रोज कास्ट होत असेल तर टीव्ही मुख्य नेटवर्कवरच असू द्या, आणि पाहुण्यांना, शेजाऱ्यांना गेस्टचा पासवर्ड द्या.

टीव्ही सात-आठ वर्षांचा असेल आणि त्याला कंपनीकडून अपडेट येणं थांबलं असेल, तर तेवढा एक मात्र वायफायवरून खरंच काढा. एचडीएमआयला नावाजलेल्या कंपनीची, अपडेट मिळणारी स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि वायफाय तिला द्या.