हप्ता परवडतो, पहिले पाच लाख कुठून आणायचे?

घराच्या हप्त्याएवढं भाडं वर्षानुवर्षं बिनचूक भरणाऱ्या कुटुंबाला स्वतःचं घर घेता येत नाही, कारण सुरुवातीला एकरकमी भरायचे पैसे हातात नसतात. हे डोंबिवलीत खरं आहे आणि मी राहते त्या अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोतही खरं आहे. इथल्या सरकारने निदान त्या पहिल्या रकमेला हात घातला. आपल्याकडचं सरकार अजून बहुतांशी व्याजाच्या सवलतीतच अडकलंय.

हा विषय निघाला तो आमच्या आजोळच्या ग्रुपवर. धाकट्या मावसभावाने वैतागून लिहिलं, "सरकारने मला सुरुवातीचे पाच लाख द्यावेत, पुढचे हप्ते माझे मी बघतो." त्यावर थोरल्या मामाने लगेच टोला हाणला, "लाडकी बहीण झाली, आता लाडका भाडेकरू! अरे, तुला पाच लाख मिळणार हे कळलं की बिल्डर भाव पाच लाखांनी चढवणार." दोघंही इरेला पेटल्यावर मामेबहिणीने मला मध्ये ओढलं, "तू सांग गं, अमेरिकेत देतात ना असे पैसे?"

देतात. पण मामाची शंकाही खोटी नाही, आणि भाच्याची मागणीही अवास्तव नाही. दोघांचं भांडण नेमकं कुठे सुटू शकतं, ते मला इथे बसून जरा वेगळं दिसतं.

आधी भाच्याचा हिशेब. ठाणे जिल्ह्यात ३० लाखांचं घर धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे तीन लाख आपले. मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, म्हणजे आणखी दोन लाखांच्या आसपास. ते कर्जात धरत नाहीत. नोंदणीचे ३० हजार. एजंट, वकील, सोसायटीची अनामत, मीटर हे सगळं वेगळं. पाच लाखांचा आकडा असा सहज ओलांडतो. महिना ४० हजार कमावणारा आणि त्यातून भाडं भरणारा माणूस एवढी रक्कम साठवेपर्यंत घर पुढे पळतं. मग बायकोचे दागिने गहाण पडतात, भिशी लवकर उचलली जाते, पीएफ काढला जातो, पतसंस्थेचं महागडं कर्ज होतं. बँकेच्या कागदावर 'स्वतःचा वाटा' म्हणून जे दिसतं, त्यात स्वतःचं कितीसं असतं!

यात सरकारची मदत कुठे येते? प्रधानमंत्री आवास योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. त्यात वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या शहरी कुटुंबांना व्याजावर अनुदान आहे: पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के, एकूण जास्तीत जास्त एक लाख ८० हजार, आणि तेही पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात. आता अटी बघा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंतच. म्हणजे ३० लाखांच्या घरासाठी बँक २७ लाख द्यायला तयार असली, तरी अनुदान हवं असेल तर कर्ज २५ वर थांबवायचं आणि पाच लाख स्वतः उभे करायचे. वर मुद्रांक शुल्क आहेच. घर ३५ लाखांचं असेल तर स्वतःचे दहा लाख. ज्याच्याकडे सुरुवातीचे पैसे कमी आहेत त्याच्यासाठीची योजना त्यालाच सुरुवातीला जास्त पैसे आणायला सांगते. धोरण लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. कर्ज बुडू नये म्हणून अट घातली असणार. पण परिणाम असा, की जो उंबरठा कसाबसा ओलांडून आत आला त्याला पाठीवर थाप मिळते, आणि बाहेर राहिलेला बाहेरच राहतो.



आता अमेरिका. इथे २० टक्के रोख भरल्याशिवाय घर मिळत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. सरकारी विमा असलेल्या एफएचए कर्जात बऱ्यापैकी क्रेडिट स्कोअर असला की साडेतीन टक्के भरून चालतं. ही व्यवस्था १९३४ पासूनची. सैन्यातून परतलेल्यांना तर १९४४ च्या कायद्यापासून एक डॉलरही न भरता कर्ज मिळू शकतं. त्याउपर राज्यं, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), शहरं यांच्या आपापल्या मदती आहेत. कॅलिफोर्नियाची गृहवित्त संस्था 'मायहोम' नावाने एफएचए कर्जाला जोडून किमतीच्या साडेतीन टक्क्यांपर्यंत दुसरं कर्ज देते. त्याला मासिक हप्ता नाही. घर विकाल, पुन्हा कर्ज काढाल किंवा मूळ कर्ज फेडाल, तेव्हा परत करायचं.

माझ्या समोरच्या घरात राहणारी बाई वृद्धांची घरी जाऊन देखभाल करण्याचं काम करते. तिने असंच दुसरं कर्ज घेऊन घर घेतलं, आणि कागद समजून घ्यायला मला सोबत नेलं होतं, कारण मी हिशेबनीस. त्याआधी तिला घर घेणाऱ्यांचा आठ तासांचा वर्ग करावा लागला होता. त्यात महिन्याचा खर्च ओळीने लिहायला लावतात आणि छप्पर गळलं तर पैसे कुठून आणणार हे विचारतात. सह्यांच्या दिवशी टेबलावर दोन गहाणखतं होती. एक जाडजूड, बँकेचं. दुसरं जेमतेम काही पानांचं, राज्याच्या संस्थेचं. त्यात हप्त्याच्या जागी काहीच नव्हतं, फक्त रक्कम कधी परत करायची त्या प्रसंगांची यादी. तिने त्या यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मग सही केली.

ही गोष्ट इतकी गोड नाही, हेही सांगायला हवं. या घराआधी तिच्या तीन मागण्या विकणाऱ्यांनी नाकारल्या होत्या. सरकारी मदतीच्या व्यवहाराला कागदपत्रं जास्त लागतात, मंजुरीला वेळ लागतो. शेजारी कुणी रोखीने घ्यायला उभा असेल तर विकणारा याच्याकडे कशाला बघेल? मदत हातात असूनही बाजारात तिची पत कमीच होती.

आणि मदत सगळ्यांना पुरत नाहीच. कॅलिफोर्नियाने मार्च २०२३ मध्ये 'ड्रीम फॉर ऑल' योजना आणली. किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत पैसे सरकार घालणार, बदल्यात घर विकताना मूळ रक्कम आणि वाढलेल्या किमतीतला वाटा घेणार. सुमारे ३० कोटी डॉलर अकरा दिवसांत संपले. पैसे मिळाले ते ज्यांचे एजंट आणि कर्जवाले तयारीत बसले होते त्यांना. मग २०२४ मध्ये काय केलं? सोडत काढली! मदतीवर दीड लाख डॉलरची मर्यादा घातली, आणि ज्यांच्या आईवडिलांच्या मालकीचं घर नाही अशा 'पहिल्या पिढीतल्या' लोकांसाठी राखीव केली. आपले लोक म्हाडाच्या सोडतीला नावं ठेवतात आणि 'अमेरिकेत असलं काही नसतं' म्हणतात, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. गंमत म्हणजे आईवडिलांचं घर अमेरिकेत नसावं एवढीच ती अट आहे. त्यामुळे ज्याच्या आईवडिलांचा कोथरूडला तीन खोल्यांचा फ्लॅट आहे असा ग्रीन कार्डवाला मराठी माणूसही, उत्पन्नाच्या मर्यादेत बसला तर, 'पहिल्या पिढीतला' ठरू शकतो.

आता मामाचा मुद्दा: भाव वाढतील. कमला हॅरिस यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निवडणुकीच्या प्रचारात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना २५ हजार डॉलरपर्यंत द्यायचं जाहीर केलं, दोन वर्षं वेळेवर भाडं भरलेल्यांना. तेव्हा अनेक अर्थतज्ज्ञ मामाच्याच भाषेत बोलले. घरं तेवढीच आणि घेणाऱ्यांच्या खिशात पैसे जास्त, म्हणजे पैसे शेवटी विकणाऱ्याकडे जाणार. ब्रिटनने २०१३ पासून 'हेल्प टू बाय' नावाने नव्या घरांसाठी असंच कर्ज दिलं. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच या योजनेने अनुदानापेक्षाही जास्त भाव वाढवला, असा निष्कर्ष तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने जानेवारी २०२२ मध्ये काढला.

याहून बोलका प्रसंग अमेरिकेतलाच आहे. २००८ च्या आधी इथे एक युक्ती चालायची. घर विकणारा एका धर्मादाय संस्थेला पैसे द्यायचा, संस्था तेच पैसे घेणाऱ्याला 'मदत' म्हणून द्यायची, आणि घराची किंमत तेवढ्याने फुगवलेली असायची. म्हणजे घेणाऱ्याने स्वतःचीच मदत कर्जाऊ घेतलेली. त्या कर्जांत हप्ते थकण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि २००८ च्या कायद्याने एफएचए कर्जांपुरती ही पद्धत बंद केली. 'मुद्रांक शुल्क आमच्याकडून, नोंदणी आमच्याकडून' असे फलक कल्याण-शीळ रस्त्यावर मी दर सुट्टीत बघते. तो खर्च बिल्डर पदरचा करत असेल असं मानणारा माणूस मला अजून भेटायचाय.

म्हणून माझं म्हणणं असं. सुरुवातीच्या रकमेला सरकारने मदत करावी, पण जिथे भाव विकणाऱ्याच्या हातात नाही तिथेच. महाराष्ट्रात अशी घरं आहेत. म्हाडा आणि सिडकोची. तिथे किंमत जाहिरातीत छापलेली असते. घेणाऱ्याच्या खिशात पाच लाख जास्त आहेत म्हणून ती वाढत नाही. ही सोय आपल्याकडे तयार आहे आणि आपण ती पुरेशी वापरत नाही. सोडतीत नाव निघतं, पेढे वाटले जातात, मग देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, येतं, मुदतीत पैसे भरायला सांगितलं जातं. कागदावर पगार न दाखवता येणाऱ्या रिक्षावाल्याला, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला बँक पुरेसं कर्ज देत नाही, आणि घर परत केलं जातं. लाखभर अर्जदारांतून निवडलेल्या माणसाने पैशाअभावी घर परत करावं यासारखी उधळपट्टी नाही. तिथे पाच लाखांचं बिनहप्त्याचं दुसरं कर्ज दिलं, तर सोडतीला अर्थ येईल.

यालाही अट आहे. छापलेली किंमत वाजवी हवी. सिडकोने २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना आणली, आणि वाशीसारख्या ठिकाणी अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत ७० लाखांच्या पुढे गेली तेव्हा ओरड झाली. ती रास्तच होती. अल्प उत्पन्न गटातल्या माणसाला ७० लाखांचं घर दाखवायचं आणि वर मदत द्यायची, म्हणजे सरकारने एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकायचं. मधल्या मध्ये तो माणूस २० वर्षं कर्जात.

'सरकार पैसे कुठून आणणार' हा प्रश्न मला पटत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबईत मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणलं होतं. बाजार थंड होता, बिल्डरांनी मागणी केली, सवलत मिळाली. उत्पन्नाची अट नव्हती, पहिल्या घराची अट नव्हती. वरळीत पाच कोटींचा फ्लॅट घेणाऱ्याचे १५ लाख वाचले, ३० लाखांचं घर घेणाऱ्याचे ९० हजार. ते १५ लाख कायमचे गेले. केंद्र सरकारच्या नोकरांना घरासाठी २५ लाखांपर्यंत अग्रिम, म्हणजे सरकारकडून कर्ज, मिळतो, त्यालाही कुणी फुकटेगिरी म्हणत नाही. मी म्हणते ती रक्कम तर परत येणारी आहे.

येईल का, हाच खरा पेच. मामाने ग्रुपवर शेवटी तेच विचारलं: "निवडणुकीच्या आधी माफ केलं तर?" शेतीकर्जाचा अनुभव बघता हे नाकारता येत नाही. कॅलिफोर्नियात वसुली होते ती कुणी चांगला वागतो म्हणून नव्हे. दुसरं गहाणखत काउंटीच्या दप्तरात नोंदलेलं असतं आणि ते फेडल्याशिवाय विक्रीचा व्यवहार सहसा पुरा होत नाही. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही आणि नंतर हस्तांतराला म्हाडाची परवानगी लागते, म्हणजे अडवण्याची जागा आहेच. सरकारचा बोजा त्या घराच्या नोंदीवर पहिल्या दिवशी चढवायचा आणि तो उतरल्याचा दाखला असल्याशिवाय दुय्यम निबंधकाने दस्त घ्यायचा नाही. वसुली अधिकारी नको, महिन्याची नोटीस नको. तरीही एखादा मंत्री एका सहीने सगळे बोजे उतरवू शकतो, हे मामाचं म्हणणं मी खोडू शकले नाही. फक्त ज्याला महिन्याला हप्ताच नाही त्याच्या कर्जमाफीसाठी मोर्चा निघणं अवघड, एवढं मी त्याला लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.