‘वाट चुकलात तर ओढा धरून उतरा’: हा सल्ला सह्याद्रीत जिवावर बेतेल

पावसाळा तोंडावर आला की कॉलेजच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच: ट्रेकला लीडर नको, वाटाड्या नको, एवढं पाठ असलं की पुरे. वाट चुकलात तर ओढा धरून खाली उतरा, गाव लागतंच. दिशा घड्याळाच्या काट्यावरून किंवा खोडावरच्या शेवाळ्यावरून काढा. रेंज गेली की जीपीएस बंद, पण 112 हा आपत्कालीन नंबर कुठूनही लागतो. आणि ग्रुपमधल्या सगळ्यात तगड्याने पुढे जाऊन मदत आणावी.

चार-पाच जणांनी आपले आपण डोंगरात जायला माझी हरकत नाही. त्याशिवाय वाट शोधायची नजर येत नाही. हरकत आहे ती या सल्ल्यांना.

‘ओढा धरून खाली उतरा.’ सगळ्यात घातक हाच. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय. टणक थर उभा तुटतो, त्याखाली पदरातलं, म्हणजे कड्याच्या मधल्या सपाट टप्प्यावरचं जंगल, मग पुन्हा कातळ. माणसाची वाट हे टप्पे वळसे घेऊन टाळते. पाणी टाळत नाही, सरळ उडी मारतं. होतं असं, की पहिला दहा-पंधरा फुटांचा ओला कातळ आपण घसरत, लटकत उतरतो. पुढच्या वळणावर शंभर फुटांचा धबधबा. मागे फिरावं तर उतरलेला टप्पा चढता येत नाही. दोन्हींच्या मध्ये अडकलेल्यांना वर काढायला मग दोर घेऊन माणसं यावी लागतात. वर पठारावर सर कोसळली तर घळीतलं पाणी बघता बघता चढतं, आणि त्याच्या आवाजात ना तुमची शिट्टी बाहेर जाते ना बाहेरची हाक आत येते.

यावर हमखास विचारलं जातं, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घळीतूनच जाते ना? जाते. पण तिच्यातले कातळटप्पे माहीत आहेत, आणि माहितगार ती बेलपाड्याहून चढतात. शेजारची, तशीच दिसणारी नाळ, म्हणजे अरुंद घळ, थेट कड्यावर संपू शकते. देशाकडच्या सौम्य उतारावर ओढा कधी गावाला नेतोही. कोकणाच्या बाजूला त्या भरवशावर राहू नये. वाट हरवली की आलो तसं मागे, खात्रीच्या शेवटच्या खुणेपर्यंत. तीही सापडेना, तर जिथे आहात तिथेच, पण ओढ्यापासून दूर, उघड्या जागी बसायचं.

‘घड्याळ आणि शेवाळं.’ तास काटा सूर्याकडे धरायचा, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण. ही युक्ती युरोपात ठीक. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे भर दुपारी उत्तर-दक्षिणच उलटी. शिवाय आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, म्हणजे पुण्याच्या बरंच पूर्वेचं. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबारा वाजून गेल्यावर. आणि आषाढात सूर्य दिसतोय कुठे? शेवाळं तर पावसाळ्यात खोडाला चहूबाजूंनी असतं.

‘रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही.’ साफ चूक. जीपीएस उपग्रहांवर चालतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. तो घरूनच उतरवा, पायथ्याच्या गावापासून ट्रॅक रेकॉर्ड करा, फोन विमान मोडवर टाका. बहुतेक फोनवर जीपीएस तरीही चालतो. मात्र अरुंद घळीत ठिपका भरकटतो. आणि पडद्यावर गाव अर्ध्या किलोमीटरवर दिसत असलं, तरी मधला कडा त्या आकड्यात येत नाही.

‘112 कुठूनही लागतो.’ अर्धं खरं. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडून तो लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर नाही. बरं, फोन लागला म्हणजे सुटका झाली असंही नाही. 2022 च्या मे महिन्यात लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात वाट चुकलेल्या एका तरुणाने मित्रांना फोन करून तसं कळवलं होतं. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला.

‘तगड्याने पुढे जावं.’ मग एकाऐवजी दोन ठिकाणी शोध घ्यावा लागतो, आणि एकटा गेलेला पाय मुरगळून पडला तर त्याचा पत्ता कुणालाच नसतो. ढोरवाटांच्या जाळ्यात तगडेपणाचा काय उपयोग? पाठवायचंच तर दोघांना, आणि आलेल्या, ओळखीच्या वाटेनेच. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. मिनिटभरात सहा शिट्ट्या, मिनिटभर थांबून पुन्हा सहा. संकटाची ही खूण बचावपथकं ओळखतात.

निघताना पायथ्याच्या गावात एखाद्या मामांना सांगून जा: किती जण, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत. वर अडकलात आणि फोन लागेना, तर एसएमएस करून बघा. क्षीण रेंजमध्येही तो कधीकधी निघून जातो. त्यात लिहायचं ते एवढंच: अक्षांश-रेखांश, किती जण, कोणाला काय लागलंय, शेवटची ओळखीची जागा, बॅटरी किती टक्के, आणि ‘आम्ही इथून हलत नाही’.