जी७१ला शिव्या घालण्याआधी सुरुवातीचा एक्स बघा

सोलापुरातल्या चिंचोली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सेटर (मशीन लावून देणाऱ्या) मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: जी७१ ही सीएनसी लेथवरची रफिंग सायकल, म्हणजे जास्तीचा माल एकामागून एक पास मारून आपोआप काढणारी आज्ञा, आळशी प्रोग्रामरसाठी आहे. एक, ती हवेत फिरून वेळ खाते. दोन, कटची डेप्थ आपल्या हातात राहत नाही. तीन, चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आणि टेपर मापात येत नाहीत. चार, बोअरला (आतल्या भोकाला) वापरली की जॉब वाया जातो. पाच, कंट्रोल (मशीनचा कॉम्प्युटर) बदललं की शिकलेलं वाया. म्हणून कॅम (प्रोग्राम काढून देणारं सॉफ्टवेअर) शिका, नाहीतर एकेक ओळ हाताने लिहा.

परवा आमच्याकडे आयटीआय करून नुकताच लागलेला पोरगा हाच मेसेज मोबाइलवर दाखवत म्हणाला, "सर, मग मी जी७१ कशाला शिकू?" त्याला मशीनवर उभं करून जे दाखवलं, तेच लिहितोय.

हवेत फिरण्यापासून सुरुवात करू, कारण हे डोळ्यांनी दिसतं आणि म्हणूनच लोकांना पटतं. लूमचा एक शाफ्ट घ्या. बार ६० मिमी व्यासाचा ब्राइट, त्यावर ६० मिमी लांबीपर्यंत ३७ व्यास आणि पुढे शोल्डर. पोराच्या आधीच्या माणसाने सायकलच्या आधीची पोझिशन एक्स८०, म्हणजे ८० व्यासावर, दिली होती, "टूल लांब असलेलं बरं" म्हणून. प्रोफाइलची शेवटची ओळही एक्स८०. सायकलला बार ६०चा आहे हे कुठून कळणार? फानुक कंट्रोलवर ती जिथे टूल उभं आहे तिथून मोजायला लागते. यू२.० म्हटलं (दर पासला व्यास ४ मिमीने कमी) की ७६, ७२, ६८, ६४, ६० असे पाच पास, आणि पाचही हवेत. कटिंग स्पीड मिनिटाला १८० मीटर, फीड फेऱ्याला ०.२५ मिमी धरा, एका पासला साधारण १७ सेकंद, म्हणजे पाचांना सव्वा मिनिटाच्या वर, ८५ सेकंद. दोनशे नगांच्या लॉटला पावणेपाच तास. दोन्ही ठिकाणी एक्स६२ केला, पाचही पास गेले. बदललं काय? दोन आकडे.

मात्र एका ठिकाणी मेसेज बरोबर आहे. जॉब कास्टिंग किंवा फोर्जिंगचा असेल, म्हणजे कच्च्या मालाचाच आकार जवळपास फिनिश आकारासारखा असेल, तर जी७१ खरोखर हवेत फिरते, कारण ती बार समजून सरळ पास मारते. कॅमशाफ्टमुळे सोलापूरचं नाव बाहेर पोचलंय. कास्टिंगचं काम इथे नवीन नाही. अशा जॉबला जी७३ आहे, ती प्रोफाइललाच समांतर थर काढते. पाना चुकीचा घेतला तर नटाला शिव्या घालून काय उपयोग?

डेप्थ हातात राहत नाही, हे तर उलटंच आहे. गोंधळ होतो तो एका अक्षराचा. फानुकच्या दोन ओळींच्या पद्धतीत पहिल्या ओळीतला यू म्हणजे कटची डेप्थ, आणि तो एका बाजूचा असतो. यू२.० म्हणजे व्यासावर ४ मिमी. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगसाठी ठेवलेला माल, आणि तो व्यासावर असतो. यू०.५ म्हणजे बाजूला पाव मिमी. एकाखाली एक दोन ओळी, एकच अक्षर, दोन हिशेब. नव्या माणसाने पहिल्या ओळीतही व्यास समजून यू४ लिहिला की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) उडू शकतो, आणि नाव सायकलचं होतं.

आता त्याच शाफ्टवर थोडं गणित. ६२ पासून ३७.५ पर्यंत यायचंय, बाजूला १२.२५ मिमी. यू२.० दिला तर सहा पास पूर्ण आणि शेवटी पाव मिमीचा एक किरकोळ कट उरतो. ०.८ मिमी नोज रेडियसच्या (टोकाच्या गोलाईच्या) रफिंग इन्सर्टने पाव मिमी काढणं म्हणजे अर्धं कापणं, अर्धं घासणं. १२.२५ला सातने भागा: १.७५. यू१.७५ दिला की पास तेवढेच, सात. पहिला कट बारच्या बाहेरून, हवेतून येत असल्याने हलका, बाकी सगळे सारखे. हे भागाकार सायकल स्वतः करत नाही. मॅक्रो (प्रोग्राममध्येच गणित लिहिणं) येत असेल तर एकूण माल भागिले जास्तीत जास्त डेप्थ, आलेला आकडा वरच्या पूर्णांकात न्यायचा आणि पुन्हा भागायचं, एवढं दोन ओळीत बसतं. मॅक्रो नसेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर आहेच. मेसेज लिहिणाऱ्याने मोबाइल फक्त मेसेज लिहायला वापरलेला दिसतो.

चॅम्फरचं म्हणाल तर दोष नोज रेडियसचा आहे. ०.८ नोजचं टूल कॉम्पेन्सेशनशिवाय (टोकाच्या गोलाईची भरपाई न करता) ४५ अंशात चालवलं की चॅम्फरची बाजू जवळजवळ ०.४७ मिमीने कमी येते. ड्रॉइंगवर २, हातात दीड. सरळ व्यास आणि फेस मात्र बरोबर येतात, म्हणून माणूस चक्रावतो. हाताने एकेक ओळ लिहिली तरी हेच होणार. भरपाई चालू करणारा जी४२ द्या, टूल ऑफसेटच्या पानावर आर (नोज रेडियस) ०.८ आणि टिप (टोकाची दिशा) ३ भरा. बऱ्याच फानुकवर जी७१ रफिंग करताना कॉम्पेन्सेशन धरत नाही, जी७० फिनिशिंगला धरतं. म्हणून फिनिशिंगला माल ठेवायचा. तसंच पी आणि क्यूच्या (प्रोफाइलची पहिली आणि शेवटची ओळ) मधल्या ओळींत लिहिलेला फीड रफिंगला लागूच होत नाही, तो जी७०साठी असतो.

बोअरचा मुद्दा वाचून मात्र मला हसू आलं नाही, कारण तो जॉब मीच घालवलाय. दुसऱ्या एका कारखान्यात होतो. ४०चा बोअर, बाहेरच्या टर्निंगचा प्रोग्राम उचलला, मापं बदलली आणि यू०.५ तसाच ठेवला. आतल्या कामाला तो यू-०.५ लागतो, कारण माल मधल्या बाजूला ठेवायचाय. अधिक चिन्हामुळे रफिंगच ४०.५ झालं. फिनिशिंगचं टूल आत गेलं आणि एकही चिप न पाडता बाहेर आलं. तो आवाजच नसणं मी आजही विसरलेलो नाही. चार नग गेले तेव्हा कुठे लक्षात आलं.

राहिला कंट्रोल बदलण्याचा मुद्दा. खरं आहे, हासच्या कंट्रोलवर एकच ओळ आणि डेप्थला डी असतो. सीमेन्सच्या स्वतःच्या भाषेत जी७१ म्हणजे नुसतं "मापं मिलिमीटरमध्ये", रफिंगला सायकल९५ वगैरे वेगळ्याच. पण सुरुवात कुठून, डेप्थ किती, माल किती ठेवायचा, हे प्रश्न तिथेही तेच विचारले जातात. कॅम जरूर शिकावं. फक्त आमच्या कोपऱ्यातल्या जुन्या लेथची मेमरी ८० मीटर आहे, कागदी टेपच्या हिशेबाने, म्हणजे साधारण साडेएकतीस हजार अक्षरं. कॅमने ओळीओळीने काढलेले मोठे प्रोग्राम त्यात चार-सहा ठेवले की ती भरते. कॅमच्याच पोस्टमध्ये (मशीनसाठी प्रोग्राम लिहून देणाऱ्या भागात) बहुतेक ठिकाणी जी७१ काढायचा पर्यायही असतो, आणि तो चालू केला की समोर त्याच दोन ओळी येतात, दोन यू सकट.