लपवायला काही नाही, म्हणून दार उघडं ठेवायचं?

‘ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला सरकारी पाळतीची भीती कशाला?’ सरकारी पाळतीवरच्या एका लेखात वाचलेलं हे वाक्य मला अजिबात पटलं नाही.

चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी एक जुना कॉम्प्युटर घेतला. पहिल्या मालकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो शेतकऱ्यांचे आधार, सातबारे, पासबुकांचे फोटो तसेच पडलेले. एका कागदावर तर कुणा आजीचा अंगठा, शाई पसरलेली. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या बाया पण हळूच सांगतात, ‘भाऊ, मना नंबर कोनले सांगू नको.’ त्यांनी कोणता गुन्हा लपवलाय? मी त्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. प्रिंटरने दोन दिवस छळलं, आता सुरळीत चालतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. लेखात हे यायलाच हवं होतं.

लिनक्समुळे मोबाइल टॉवरवरची नोंद लपत नाही, हेही खरं. पण त्याचा कोड, म्हणजे ते ज्या सूचनांवर चालतं त्या, सगळ्यांसाठी उघडा असतो, जाणकार माणूस तो तपासू शकतो. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात. आपल्या जळगाव-धुळ्याच्या झेडपी शाळांत हे कधी सुरू होणार?